ट्रक इंजिनाचे अतिभरण

ट्रकच्या इंजिनात बाहेरील वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक दाबाने हवा भरण्याच्या क्रियेला ट्रक इंजिनाचे अतिभरण म्हणतात. ही हवा दाबणारा संपीडक क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी फिरवला जात असेल, तर त्यास सुपरचार्जर म्हणतात. इंजिनाबाहेर पडणाऱ्या धूरवायूंवर चालणाऱ्या टर्बाइनने फिरवला जात असेल, तर टर्बोचार्जर म्हणतात. वातावरणाच्या दाबाहून वर मिळणाऱ्या जादा दाबास व्यवहारात बूस्ट असे नाव आहे. अतिभरण न केलेल्या इंजिनास नैसर्गिक श्वसनाचे इंजिन असे संबोधतात.

संपीडक बसवणे हा या कामाचा तुलनेने सोपा भाग होय. त्यामुळे वाढणारा दाब, उष्णता आणि पिळगती इंजिनाच्या प्रत्येक भागाला सोसावी लागते. म्हणून अतिभरणासाठी इंजिन आतून नव्याने बांधावे लागते. मराठी कारागिरांच्या बोलीतही इंजिन पूर्ण उघडून, लायनर, पिस्टन व बेअरिंग बदलून पुन्हा जोडण्याच्या कामास 'इंजिन बांधणे' असेच म्हणतात.

तत्त्व

इंजिनाची शक्ती ते किती इंधन जाळते यावर अवलंबून असते आणि इंधन किती जळेल हे हवेच्या वस्तुमानावर ठरते. एक किलोग्रॅम डिझेल पूर्णपणे जाळण्यास सुमारे साडेचौदा किलोग्रॅम हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिनास याहून बरीच अधिक हवा द्यावी लागते. अन्यथा काळा धूर निघतो. सिलिंडरचे आकारमान न बदलता अधिक इंधन जाळायचे असेल, तर त्याच जागेत अधिक हवा कोंबणे हाच मार्ग उरतो.

टाटा ६९७ या भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वापरात असलेल्या इंजिनाचे उदाहरण घेता येईल. नावातील ६ हा आकडा सिलिंडरांची संख्या आणि ९७ हा आकडा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवतो. पिस्टनचा पल्ला १२८ मिलिमीटर असल्याने एकूण आकारमान सुमारे ५,६७५ घन सेंटिमीटर होते. दर मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या वेगाने हे चतुर्घाती इंजिन सैद्धांतिकदृष्ट्या मिनिटाला सुमारे ६,८०० लिटर हवा ओढते. झडपा व वाहिन्यांतील अडथळ्यांमुळे प्रत्यक्षात आत येणारी हवा याहून कमी असते.

हवेचा दाब दुप्पट केला म्हणजे तिची घनताही दुप्पट होते, असे नाही. दाबताना हवा तापते आणि तापली की प्रसरण पावते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या संपीडकात दुप्पट दाबाला नेली, तर ती सुमारे १२५ अंशांपर्यंत तापते आणि तिची घनता मूळच्या केवळ दीडपट होते. हीच हवा शीतकातून नेऊन ५० अंशांवर आणली, तर घनता १.८८ पटींपर्यंत पोहोचते. या शीतकास इंटरकूलर म्हणतात. भारतीय ट्रकांच्या मागे किंवा दारावर दिसणाऱ्या 'टीसी' आणि 'टीसीआयसी' या अक्षरांतील भेद हाच आहे: पहिल्यात फक्त टर्बोचार्जर असतो, दुसऱ्यात टर्बोचार्जर व इंटरकूलर दोन्ही असतात.

दाबण्याचे काम फुकट होत नाही. वरील इंजिनाला दुप्पट दाबाने हवा पुरवण्यासाठी संपीडकास सुमारे २० किलोवॅट, म्हणजे २७ अश्वशक्ती लागते. सुपरचार्जर ही शक्ती क्रँकशाफ्टवरून घेतो. त्यासाठी जादा इंधन जाळावे लागते. टर्बोचार्जर ती धूरवायूंतून घेतो, जे एरवी वाया गेले असते. ट्रकच्या व्यवसायात इंधन हाच खर्चाचा मोठा वाटा असल्याने मालवाहू वाहनांत सुपरचार्जर जवळजवळ नामशेष झाला आणि टर्बोचार्जर सार्वत्रिक झाला. तरी सुपरचार्जरचा एक गुण नाकारता येत नाही: तो इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असल्याने कमी वेगातही तत्काळ दाब देतो, टर्बोचार्जरप्रमाणे वेग धरण्यास उशीर लावत नाही. अमेरिकेत पेट्रोलवरील हलक्या ट्रकांच्या इंजिनांना आजही हौसेने सुपरचार्जर बसवतात, ते याचसाठी.

इतिहास

दोन पाकळ्यांची चक्रे एकमेकांविरुद्ध फिरवून हवा ढकलणाऱ्या यंत्राचे एकस्व अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये घेतले. त्यांचा हेतू झोतभट्टीला हवा पुरवण्याचा होता. वाहनाचे इंजिन त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. गॉटलीब डाइमलर यांच्या १८८५ च्या एकस्वात इंजिनात दाबाने हवा भरण्याची कल्पना आढळते. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये धूरवायूंवर चालणाऱ्या संपीडकाचे एकस्व घेतले. प्रत्यक्ष वापर मात्र प्रथम जहाजांच्या मोठ्या इंजिनांत व विमानांत झाला. ट्रकच्या डिझेल इंजिनात टर्बोचार्जर बसवण्याचे श्रेय सामान्यतः साउरर या स्विस कंपनीस दिले जाते. तिचे असे इंजिन १९३८ मधील आहे. व्होल्वोने १९५४ मध्ये टायटन टर्बो हा ट्रक आणला. त्यात टर्बोचार्जरमुळे शक्ती १५० वरून १८५ अश्वशक्तीपर्यंत वाढली होती.

जनरल मोटर्सने १९३८ मध्ये आणलेल्या ७१ मालिकेतील डिझेल इंजिनांवर रूट्स पद्धतीचा हवापंप असे. ही द्विघाती इंजिने होती. त्यांच्यात हवा आत ओढणारा स्वतंत्र घात नसल्याने धूर बाहेर ढकलण्यासाठी व ताजी हवा भरण्यासाठी पंप आवश्यकच होता. तेव्हा काटेकोर अर्थाने हे अतिभरण नव्हे, संमार्जन होय. पुढे हेच पंप जुन्या ट्रक व बस इंजिनांवरून काढून शर्यतीच्या गाड्यांच्या पेट्रोल इंजिनांवर बसवले जाऊ लागले. त्या इंजिनांत मात्र ते खऱ्या अर्थाने सुपरचार्जर ठरले. आजही अशा सुपरचार्जरांचे आकार '६-७१', '८-७१' अशा इंजिनांच्या क्रमांकांनीच ओळखले जातात. ब्रिटनमधील कॉमर टीएस-३ या १९५४ च्या ट्रक इंजिनातही समोरासमोर धावणाऱ्या पिस्टनांना हवा देण्यासाठी रूट्स पंप होता.

सुपरचार्जर व टर्बोचार्जर यांच्या स्पर्धेची दोन बोलकी उदाहरणे अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत घडली. कमिन्स या ट्रक इंजिनांच्या उत्पादकाने १९५० मध्ये सुपरचार्जर लावलेली डिझेल गाडी उतरवली. ती ५२ फेऱ्यांनंतर सुपरचार्जरच्या बिघाडामुळे बाद झाली. १९५२ मध्ये त्याच कंपनीच्या टर्बोचार्जर लावलेल्या गाडीने फ्रेड अगाबाशियन यांच्या हाती पात्रता फेरीत पहिले स्थान पटकावले. मुख्य शर्यतीत मात्र टर्बोचार्जरच्या तोंडाशी धावपट्टीवरील रबराचे कण साचले आणि ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबली. दोन्ही वेळा इंजिनाचा मूळ सांगाडा शाबूत राहिला, दगा दिला तो हवा भरणाऱ्या यंत्रणेने.

इंजिनाची बांधणी

दाब आणि सिलिंडर हेड

ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमध्ये निर्माण होणारा सर्वोच्च दाब हा सर्व हिशेबाचा पाया होय. जुन्या नैसर्गिक श्वसनाच्या डिझेल इंजिनांत तो साधारणतः ८० ते १०० बार असे; आधुनिक अतिभरित ट्रक इंजिनांत तो २०० बारच्या आसपास जातो. ९७ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर १०० बार दाबाने सुमारे साडेसात टन भार येतो. दाब १३० बार झाला की हा भार जवळपास १० टन होतो. २,४०० फेऱ्यांच्या वेगाने असा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २० वेळा बसतो.

हाच भार हेडला वर उचलू पाहतो. हेड ब्लॉकला धरून ठेवणारे बोल्ट पुरेसे ताणलेले नसतील, तर हेड सूक्ष्म प्रमाणात उचलले जाते, गॅस्केटमधून ज्वाला फटीत शिरते आणि गॅस्केट जळते. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे किंवा विनाकारण पाणी फेकले जाणे ही त्याची पहिली लक्षणे असतात. म्हणून अतिभरणासाठी इंजिन बांधताना अधिक ताकदीचे बोल्ट किंवा स्टड वापरतात आणि जुन्या तांबे-ॲस्बेस्टॉस गॅस्केटऐवजी पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचे गॅस्केट घालतात. अशा गॅस्केटला ब्लॉक व हेड यांचा पृष्ठभाग अत्यंत सपाट व गुळगुळीत लागतो. त्यावर सरळ पट्टी ठेवली असता तिच्याखाली ०.०५ मिलिमीटर जाडीची फीलर गेजची पातीही सरकू नये, इतकी अपेक्षा असते. ताणून लांबवले जाणारे बोल्ट एकदा कसल्यावर पुन्हा वापरू नयेत, हा नियम काटकसरीपायी अनेकदा मोडला जातो आणि त्याची किंमत गॅस्केटच्या रूपाने मोजावी लागते.

संपीडन गुणोत्तर

पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या आकारमानांच्या प्रमाणास संपीडन गुणोत्तर म्हणतात. नैसर्गिक श्वसनाच्या थेट अंतःक्षेपणाच्या डिझेल इंजिनांत ते १७ किंवा १८ असते. १७ गुणोत्तराच्या सिलिंडरमध्ये वातावरणाच्या दाबाची हवा दाबली, तर ज्वलनापूर्वीच दाब सुमारे ४५ बार होतो. दुप्पट दाबाची हवा आत घेतली, तर तो ९० बारच्या पुढे जातो, आणि इंधन अजून पेटायचेच असते. गुणोत्तर १५ वर आणले की हाच आकडा ७७ बारपर्यंत उतरतो. यासाठी वरची वाटी अधिक खोल असलेले पिस्टन वापरतात. जाड गॅस्केट घालून गुणोत्तर उतरवण्याचा आडमार्गही प्रचलित आहे. परंतु त्याने पिस्टन व हेड यांच्यामधील फट वाढते, हवेचे घुसळणे बिघडते आणि धूर वाढतो. गुणोत्तर फार उतरवणेही हितावह नाही. थंड हवेत इंजिन चालू होण्यास त्रास होतो आणि बूस्ट नसतानाची कार्यक्षमता घटते.

पेट्रोल इंजिनात गुणोत्तराचा प्रश्न अधिक नाजूक असतो. तेथे हवा व इंधन यांचे मिश्रण आधीच सिलिंडरमध्ये असते. दाब व तापमान मर्यादेबाहेर गेल्यास ते ठिणगीच्या ज्वालेची वाट न पाहता स्वतःच पेटते. हाच खटका होय. काही सेकंदांचा तीव्र खटका पिस्टनच्या कडा फोडण्यास पुरेसा ठरतो. तो टाळण्यासाठी गुणोत्तर कमी ठेवणे, ठिणगी उशिरा देणे, मिश्रणात इंधन वाढवणे आणि अधिक ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे असे उपाय एकत्र योजावे लागतात. डिझेल इंजिनात आत केवळ हवा असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. डिझेल अतिभरणास स्वभावतःच अनुकूल आहे, ते यामुळे.

पिस्टन व रिंगा

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने घटते. अतिभरित इंजिनात पिस्टनच्या डोक्याचे तापमान याच मर्यादेशी खेळत असते. म्हणून क्रँककेसमध्ये प्रत्येक सिलिंडरखाली तेलाची बारीक नळी बसवून पिस्टनच्या पोटावर सतत तेलाचा फवारा मारतात. अधिक भाराच्या इंजिनांत पिस्टनच्या डोक्यात तेल खेळवण्यासाठी पोकळ वळसाही ओतलेला असतो. वरच्या रिंगेच्या खाचेत लोखंडी मिश्रधातूचे कडे बसवतात, जेणेकरून खाच झिजून रिंग सैल होणार नाही. अत्याधुनिक ट्रक इंजिनांत पिस्टन पोलादाचेच असतात.

रिंगेच्या दोन टोकांमधील फट हा वरवर क्षुल्लक वाटणारा तपशील आहे. रिंग तापली की लांबते. फट पुरेशी नसेल, तर दोन्ही टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरमध्ये अडकते आणि पिस्टनचा वरचा भाग तोडून टाकते. अमेरिकेतील शेव्रोले ट्रकांत १९९९ पासून आलेले ५.३ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन याचे नमुनेदार उदाहरण आहे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि प्रत्येक मेन बेअरिंगच्या टोपीला सहा बोल्ट असल्याने त्याचा तळ भक्कम आहे. तथापि कारखान्यातील ओतीव पिस्टन व अरुंद रिंग-फट नैसर्गिक श्वसनाच्या हिशेबाने ठरवलेली असते. त्याचा सिलिंडर ९६ मिलिमीटर व्यासाचा आहे. नेहमीच्या वापरासाठी सुमारे ०.४३ मिलिमीटर फट चालते. सुपरचार्जर लावायचा असल्यास ती सुमारे ०.५८ मिलिमीटर ठेवण्याचा प्रघात आहे. रिंगेची टोके कानशीने वा छोट्या सहाणेवर घासून, रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून आणि फीलर गेजने मोजून हे काम एकेका सिलिंडरसाठी स्वतंत्रपणे करावे लागते. फट वाढल्याने थोडा वायू क्रँककेसमध्ये गळतो. पिस्टन फुटण्यापेक्षा ते परवडते. गळती वाढल्यामुळे क्रँककेसचा श्वासमार्गही मोठा करावा लागतो, नाहीतर ऑइल सीलमधून तेल बाहेर पडू लागते.

क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड व बेअरिंग

वाढलेला भार पिस्टनवरून रॉडला, रॉडवरून क्रँकशाफ्टला आणि तेथून मेन बेअरिंगांना पोहोचतो. घडीव पोलादाचा क्रँकशाफ्ट, त्याच्या कोपऱ्यांच्या गोलाईवर दाबरोलरने केलेले कठिणीकरण, थर दिलेली बेअरिंगे आणि अधिक वाहकतेचा तेलपंप या गोष्टी त्यामुळे आवश्यक ठरतात. जुने इंजिन बांधताना क्रँकशाफ्ट घासून अंडरसाइझ बेअरिंगे घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. असे घासताना वरचा कठीण थर व कोपऱ्याची गोलाई नष्ट होण्याचा धोका असतो. नैसर्गिक श्वसनाचे इंजिन ते खपवून घेते, अतिभरित इंजिन घेईलच असे नाही.

पट्ट्यावरील सुपरचार्जर बसवल्यास क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर आणखी एक भार येतो. पट्टा सतत एका बाजूला ओढत असल्याने पुढचे मेन बेअरिंग एका अंगाने झिजते, आणि पुलीची चावी तुटू शकते. तेथेच बसवलेल्या पिळकंपन-शामकाचा समतोलही बदलतो.

झडपा

बंद आत-झडपेच्या पाठीमागे बूस्टचा दाब सतत उभा असतो. ४५ मिलिमीटर व्यासाच्या झडपेवर एक बार बूस्टमुळे सुमारे १६ किलोग्रॅम भाराएवढे बल तिला उघडण्याच्या दिशेने ढकलते. स्प्रिंग कमजोर असेल, तर अधिक फेऱ्यांवर झडप नीट बसत नाही. म्हणून अधिक ताठ स्प्रिंगा घालतात. धूर-झडपांचा प्रश्न उष्णतेचा असतो. त्या व त्यांच्या सीटा उष्णतारोधक मिश्रधातूच्या घ्याव्या लागतात. डिझेल ट्रकच्या टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या धूरवायूंचे तापमान ७०० अंशांच्या आसपास राखणे सुरक्षित मानले जाते आणि ते मोजणारा तापमापक हा बांधणाऱ्याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार होय.

इंधन, वंगण व शीतन

अधिक हवेला अधिक इंधन द्यावे लागते, पण हवा येण्यापूर्वी नव्हे. जुन्या यांत्रिक इंधनपंपांवर यासाठी बूस्टच्या दाबाने सरकणारा पडदा असतो. दाब वाढल्यावरच तो इंधनाची मर्यादा सैल करतो. अधिक 'पिकअप' मिळावा म्हणून हा पडदा निकामी करून पंप वाढवून घेण्याची चाल ट्रकचालकांत आढळते. चढावर निघणारा काळा धूर हा त्याचाच परिणाम असतो. जळून न गेलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते आणि धूरवायूंचे तापमान वाढवते.

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. भाराखाली चाललेले इंजिन लगेच बंद केल्यास तेलाचा पुरवठा थांबतो, पण दांडा फिरत राहतो व तापलेल्या घरातील तेल जळून कोळसा होते. म्हणून बंद करण्यापूर्वी इंजिन काही मिनिटे मंद फेऱ्यांवर चालवतात. टर्बोचार्जरचे सील फाटले, तर याहून गंभीर प्रसंग उद्भवतो. वंगणतेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाते, इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. फेऱ्या वाढतच जातात. यास कारागीर 'इंजिन पळाले' असे म्हणतात. अशा वेळी हवेची वाट पूर्ण बंद करणे हाच उपाय असतो. तो सुचेपर्यंत अनेकदा इंजिनाचा चुराडा झालेला असतो. पळणाऱ्या इंजिनाजवळ उभे राहणे जिवावर बेतू शकते.

शक्तीच्या प्रमाणात पाण्यात व तेलात जाणारी उष्णताही वाढते, त्यामुळे रेडिएटर, तेलशीतक आणि पंखा मोठा घ्यावा लागतो. क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांची पिळगती सोसण्याची मर्यादाही तपासावी लागते.

समुद्रसपाटी आणि घाट

महाराष्ट्रात अतिभरणाचे महत्त्व कोकण व देश यांच्यातील चढणींवर स्पष्ट होते. रायगड जिल्ह्यातील आगरदांडा हे मुरूड तालुक्यातील गाव राजपुरी खाडीच्या उत्तर काठावर आहे. समोरच्या काठावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आहे आणि दोहोंमध्ये वाहने नेणारी फेरीबोट चालते. या किनाऱ्यावर इंजिनाला समुद्रसपाटीचा पूर्ण दाब मिळतो. तेथून माणगाव व ताम्हिणी घाटमार्गे पुण्यास जाणारा ट्रक सुमारे ५६० मीटर उंचीवर पोहोचतो, तेव्हा हवेचा दाब सहा ते सात टक्क्यांनी उतरलेला असतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेल्यास ही घट सुमारे १५ टक्के होते. नैसर्गिक श्वसनाचे इंजिन जवळजवळ याच प्रमाणात शक्ती गमावते, आणि तीही नेमकी चढावर, जेथे तिची सर्वाधिक गरज असते. टर्बोचार्जरच्या बाबतीत बाहेरचा दाब उतरला की टर्बाइनवरील दाबफरक वाढून चक्र अधिक वेगाने फिरते आणि तूट बरीचशी भरून निघते. पट्ट्यावरच्या सुपरचार्जरला ही सोय नाही. त्याचा वेग ठरलेला असल्याने त्याने दिलेला दाबही उंचीबरोबर घटतो.

किनाऱ्यावरील दमट व उष्ण हवेचाही परिणाम होतो. तापलेली हवा विरळ असते आणि तिच्यातील बाष्प प्राणवायूची जागा घेते. खारट वाऱ्याने ॲल्युमिनियमचे इंटरकूलर आतबाहेर खराब होतात. फेरीबोटींवरून नेहमी ये-जा करणाऱ्या वाहनांत ही झीज लवकर दिसते.

नौकांतील ट्रक इंजिने

रायगडच्या किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौकांत ट्रकच्या इंजिनांवरून बेतलेली सागरी डिझेल इंजिने मोठ्या प्रमाणात आढळतात. अशोक लेलँडसारखे उत्पादक आपल्या वाहन इंजिनांच्या सागरी आवृत्त्या विकतात. मूळ इंजिन एकच असले तरी त्याचे काम वेगळे असते. ट्रक घाट चढल्यावर उतरतो, चालक पायाने दाब सोडतो, इंजिनास विसावा मिळतो. नौकेत पंखा पाण्याला सतत ढकलत असतो आणि जाळे ओढताना तासन्तास भार उतरत नाही. पंख्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फेऱ्या दहा टक्क्यांनी वाढवायच्या, तर सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती लागते. म्हणूनच ज्या बूस्टवर इंजिन ट्रकमध्ये वर्षानुवर्षे चालते, त्याच बूस्टवर ते नौकेत अल्पावधीत पिस्टन जाळू शकते. उत्पादक अशा इंजिनांची अखंड वापराची शक्ती मुद्दाम कमी दर्शवतात.

नौकेत रेडिएटर नसतो. इंजिनातील गोडे पाणी उष्णताविनिमयकातून समुद्राच्या पाण्याने थंड करतात, धूर-मॅनिफोल्डभोवती पाण्याचे कवच असते आणि इंटरकूलरमध्येही समुद्राचे पाणी फिरते. पाणी हवेपेक्षा कितीतरी चांगले शीतक असल्याने येथे बूस्टची हवा ट्रकपेक्षा अधिक थंड करता येते. खाऱ्या पाण्याने नळ्या कुजू नयेत म्हणून त्यात जस्ताचे कांडे बसवतात. ते स्वतः झिजून नळ्यांना वाचवते. कांडे संपल्याचे ध्यानात न आल्यास नळीला छिद्र पडते आणि खारे पाणी हवेबरोबर सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. समुद्रात दूर असताना असे झाल्यास दुसऱ्या नौकेने ओढून आणण्यावाचून गत्यंतर नसते. वादळी वाऱ्यात ही वेळ आली, तर प्रश्न केवळ इंजिनाचा राहत नाही, खलाशांच्या जिवाचा होतो.

१ जूनपासून सुरू होणाऱ्या पावसाळी मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. इंजिने उघडून बांधण्याचे काम याच दिवसांत होते.

महाराष्ट्रातील उद्योग

अतिभरित ट्रक इंजिनाचे अनेक अवजड भाग महाराष्ट्रात बनतात. पुण्याच्या मुंढवा भागातील भारत फोर्ज ही १९६१ मध्ये स्थापन झालेली कंपनी घडीव क्रँकशाफ्टसाठी जगभर ओळखली जाते. कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतकाम कारखान्यांतून इंजिनांचे ब्लॉक व हेड ओतले जातात. पिस्टन व बेअरिंग बनवणारे मेनन समूहाचे उद्योगही याच शहरात आहेत. किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी १९६२ मध्ये पुण्यात कोथरूड येथे स्थापन झाली आणि पुढे कमिन्स इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही कमिन्सचे मोठे उत्पादन संकुल आहे. टाटा समूहाने कमिन्सबरोबर १९९३ मध्ये काढलेल्या संयुक्त कंपनीमुळे सहा सिलिंडरांचे, १०२ मिलिमीटर व्यासाचे ५.९ लिटर इंजिन टाटा ट्रकांत आले.

भारतीय ट्रकांत अतिभरण सार्वत्रिक होण्यामागे शक्तीइतकेच प्रदूषणाचे नियम कारणीभूत आहेत. अधिक हवा म्हणजे कमी काजळी, आणि थंड हवा म्हणजे कमी नायट्रोजन ऑक्साइड. २००० पासून कडक होत गेलेल्या मानकांनी, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनी, नैसर्गिक श्वसनाचे डिझेल इंजिन ट्रकमधून व्यवहारतः हद्दपार केले. या मानकांनुसार इंजिने तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांपैकी १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यात वेताळ टेकडीवर आहे.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाही. नैसर्गिक श्वसनाच्या ट्रकला नंतर सुपरचार्जर किंवा टर्बोचार्जर बसवल्यास इंजिनाची शक्ती व उत्सर्जन दोन्ही बदलतात, त्यामुळे असा ट्रक सार्वजनिक रस्त्यावर चालवणे बेकायदेशीर ठरू शकते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो. बंदिस्त धावपट्टीवरील शर्यतींच्या वाहनांची स्थिती वेगळी आहे. टाटा मोटर्सने २०१४ पासून ग्रेटर नोइडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय धावपट्टीवर भरवलेल्या ट्रक शर्यतींत खास बांधलेले ट्रक उतरवले गेले, आणि २०१७ मध्ये त्यांत एक हजारांहून अधिक अश्वशक्तीचा ट्रक सादर झाला.